तळपायाचा नकाशा आणि हाताचे काम: रिफ्लेक्सॉलॉजीची घरगुती ओळख

काही वर्षांपूर्वी आरोग्यविषयक वस्तूंच्या एका प्रदर्शनात मी एका गाळ्यावर पाय दाबून घेतले. तेथील गृहस्थांनी माझ्या डाव्या तळपायाच्या मध्यभागी लाकडी काडी रोवली, मी कळवळलो, आणि त्यांनी लगेच निदान सांगून टाकले: 'तुमचे मूत्रपिंड अशक्त आहे.' सकाळपासून चार तास मी नव्या, कडक तळाच्या चपला घालून फिरत होतो, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पुढे रक्ताच्या व लघवीच्या तपासण्या करून घेतल्या, त्या व्यवस्थित निघाल्या. मात्र त्याच गाळ्यावर, काडी बाजूला ठेवल्यानंतर, त्यांच्या सहकाऱ्याने पंधरा मिनिटे नुसत्या अंगठ्याने पाय दाबून दिले, आणि त्यानंतर पायांना आलेला हलकेपणा अगदी खरा होता.

तळपायावर शरीराच्या प्रत्येक अवयवाची एक जागा मानून तेथे बोटांनी दाब देण्याच्या पद्धतीला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. तिच्याविषयी माझे आजचे मत या दोन अनुभवांतून बनले आहे. या जागा दाखवणारा तळपायाचा रंगीत नकाशा रोगनिदानाच्या कामाचा नाही. पण हात कोठून कोठे न्यायचा, कोणता भाग राहून गेला, हे लक्षात ठेवण्यासाठी तो फार सोयीचा आहे, आणि त्या क्रमाने, सावधपणे, पुरेसा वेळ देऊन पाय दाबले तर थकलेल्या माणसाला आराम पडतो. एवढीच अपेक्षा ठेवून ही पद्धत घरी कशी वापरावी, हे पुढे सांगितले आहे.

ही पद्धत आली कोठून

इजिप्तमध्ये सक्कारा येथे अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याचे सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीचे थडगे आहे. त्याच्या भिंतीवर दुसऱ्याच्या हातापायांवर काम करणारी माणसे कोरलेली आहेत, आणि रिफ्लेक्सॉलॉजीची ओळख करून देणारे बहुतेक लिखाण या चित्रापासून सुरू होते. ती माणसे पाय चोळत आहेत, नखे काढत आहेत की आणखी काही करत आहेत, यावर एकमत नाही. त्यामुळे प्राचीनतेचा दावा बाजूला ठेवलेला बरा.

ज्याची नोंद नीट सापडते तो इतिहास अमेरिकेतला आहे आणि जेमतेम शंभर वर्षांचा आहे. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. हाताच्या किंवा पायाच्या विशिष्ट जागी दाब दिला की शरीराच्या दुसऱ्याच भागातील वेदना बोथट होते, असे त्यांच्या पाहण्यात आले. त्यावरून त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, मध्यरेषेच्या एका बाजूस पाच आणि दुसऱ्या बाजूस पाच, आणि प्रत्येक पट्टा हाताच्या व पायाच्या एकेका बोटापर्यंत पोहोचतो, असे मांडले. एडविन बॉवर्स यांच्यासह त्यांनी १९१७ मध्ये ही 'झोन थेरपी' पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बोटांना रबर बँड आवळणे, कपडे वाळत घालायचे चिमटे लावणे, धातूच्या कंगव्याचे दाते तळहातावर दाबणे, असले उपाय तेव्हा प्रचारात होते. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपीचे काम करणाऱ्या बाईंनी चिमटे-कंगवे सोडून अंगठ्याचा वापर सुरू केला, सगळे लक्ष तळपायावर आणले आणि कोणती जागा कोणत्या अवयवाची याचा तपशील भरत नेला; १९३८ मध्ये त्यांचे पुस्तक आले. आज दवाखान्यांच्या आणि मसाज केंद्रांच्या भिंतींवर दिसणारा नकाशा मुख्यतः त्यांच्याच कामातून आलेला आहे. १९६० च्या दशकात डोरीन बेली यांनी ही पद्धत ब्रिटनमध्ये रुजवली.

आपल्याकडे या पद्धतीची इतर दोन-तीन पद्धतींशी सरमिसळ होते. अ‍ॅक्युप्रेशर चिनी वैद्यकातील ऊर्जावाहिन्यांच्या कल्पनेवर आधारलेले आहे आणि त्याचे बिंदू सर्वांगावर आहेत. पादाभ्यंग ही आयुर्वेदाची दिनचर्या आहे. डोके, कान आणि पाय या ठिकाणी तेल विशेषत्वाने लावावे, असे 'अष्टांगहृदय' सांगते, आणि तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपल्या घरांतली पद्धत त्याच वळणाची आहे. त्यात अवयवांचा नकाशा नसतो. आषाढी वारीत मुक्कामाच्या गावी वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देणारे सेवेकरी रिफ्लेक्सॉलॉजी करत नाहीत, पण हात कसा चालवावा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. बाजारातील काटेरी चपला आणि लाकडी रोलर यांना 'अ‍ॅक्युप्रेशर' म्हणून विकले जाते. त्यांचा या लेखाशी संबंध नाही, कारण दाब कमी-जास्त करणारे बोट त्यांना नाही.

नकाशा कसा वाचायचा

दोन्ही तळपाय एकमेकांना चिकटवून ठेवले की त्यांवर एक माणूस काढला आहे, अशी कल्पना करावी. उजवा तळपाय म्हणजे शरीराची उजवी बाजू, डावा म्हणजे डावी. बोटे हे डोके व मान, बोटांखालची चवड्याची गादी ही छाती, तिच्याखालची पोकळी हे पोट, टाच हा ओटीपोटाचा व कमरेखालचा भाग, आणि अंगठ्यापासून टाचेपर्यंतची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. यकृत उजवीकडे असते म्हणून त्याची जागा फक्त उजव्या तळपायावर दाखवतात आणि प्लीहेची फक्त डाव्यावर. घोट्याच्या आतल्या बाजूस गर्भाशय किंवा प्रोस्टेट आणि बाहेरच्या बाजूस बीजांडकोश किंवा वृषण यांच्या जागा मानल्या जातात.

हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. तीन आडव्या रेषा ओळखता आल्या तर घरच्या कामाला पुरतात. पहिली रेषा चवड्याची गादी जेथे संपते तेथे असते. तिला श्वासपटलाची रेषा म्हणतात, आणि तळव्याचा रंग तेथे बहुधा बदललेला दिसतो. दुसरी रेषा शोधण्यासाठी पायाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवावे. कडेच्या साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, तेथून आडवी ओढलेली रेषा म्हणजे कंबररेषा. तिसरी रेषा टाचेची जाड कातडी जेथे सुरू होते तेथे असते. या तीन रेषांमुळे तळपायाचे चार टप्पे पडतात, आणि पुढचा सगळा क्रम त्या टप्प्यांवरच चालतो.

वेगवेगळ्या शिक्षणसंस्थांचे नकाशे शेजारी ठेवले तर हृदयासारख्या महत्त्वाच्या अवयवाची जागाही सर्वत्र एकसारखी आढळत नाही, ही गोष्ट नकाशावर फार भरवसा ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

दावे आणि पुरावे

तळपायाची जागा आणि दूरचा अवयव यांना थेट जोडणारा कोणताही मज्जातंतू शरीररचनाशास्त्राला सापडलेला नाही. तळव्याची संवेदना ज्या मज्जातंतूंतून जाते ते पोटरीमागून वर चढून कण्यात पोहोचतात; यकृताच्या जागेवरून येणारी संवेदना आणि फुप्फुसाच्या जागेवरून येणारी संवेदना अशा वेगळ्या वाटा त्यात नाहीत. दाबताना लागणारे 'कण' हे युरिक अ‍ॅसिडचे किंवा कॅल्शियमचे साठे असून ते फोडले की अवयव मोकळा होतो, हा दावाही सिद्ध झालेला नाही. अंगठ्याखाली जे खरखरते ते बहुतेक वेळा स्नायुबंध, चरबीच्या गाठी किंवा घट्ट झालेली त्वचा असते.

निदानाचा दावा प्रत्यक्ष तपासलाही गेला आहे. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ठराविक आजारांपैकी एक किंवा अधिक आजार असलेल्या १८ व्यक्तींचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टांना, आजारांची माहिती न देता, तपासायला दिले होते. त्यांना आजार विश्वासार्हपणे ओळखता आले नाहीत आणि दोघांची एकमेकांशीही फारशी जुळणी झाली नाही.

उपचार म्हणून काय स्थिती आहे, हे पाहण्यासाठी पूरक उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ यादृच्छिक चाचण्यांचा (ज्यांत कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात) आढावा घेतला, आणि कोणत्याही वैद्यकीय विकारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचे खात्रीलायकरीत्या दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियन सरकारच्या २०१५ च्या आढाव्यालाही स्पष्ट पुरावा आढळला नाही, आणि १ एप्रिल २०१९ पासून तेथे अनुदानित खाजगी आरोग्यविम्यातून ज्या उपचारांना वगळण्यात आले त्यांत रिफ्लेक्सॉलॉजी होती. त्या यादीत योगही होता, हे येथे सांगितले पाहिजे. 'पुरावा अपुरा' याचा अर्थ 'आराम पडत नाही' असा नव्हे.

कारण आराम पडतोच. कोणीतरी पाऊण तास शांतपणे आपल्या पायांकडे लक्ष देतो, श्वास संथ होतो, पोटऱ्यांचा ताठरपणा उतरतो, अनेकांना त्याच जागी झोप लागते. मात्र नकाशाप्रमाणे केलेले काम आणि नकाशा न मानता केलेले साधे पाय चोळणे यांची तुलना केली, तर नकाशामुळे वेगळे काही घडते असे ठामपणे दाखवता आलेले नाही. म्हणूनच या पद्धतीला पूरक उपचार म्हणावे. रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन किंवा थायरॉइडचे औषध यांच्या जागी ती बसू शकत नाही.

कोणाचे पाय दाबू नयेत

हा भाग वगळून पुढच्या पायऱ्यांकडे वळू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, गरम व लालसर असेल आणि दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. असा पाय अजिबात चोळू नये, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आपल्याकडे 'पाय आखडला आहे, जरा चोळून द्या' ही विनंती इतक्या सहजपणे केली जाते आणि पाळली जाते, की हे मला दोनदा सांगावेसे वाटते. मोठी शस्त्रक्रिया, प्लॅस्टर, दीर्घ अंथरूण किंवा लांबचा प्रवास यांनंतरच्या आठवड्यांत विशेष सावध राहावे.

ताजे फ्रॅक्चर किंवा मुरगळ, उघडी जखम, पिकलेली भेग, गाऊटमुळे सुजलेला अंगठा आणि अंगात ताप असताना हे काम करू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि प्लेटलेट कमी असणाऱ्यांना थोड्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. फुगलेल्या निळ्या शिरांवर थेट दाब देऊ नये. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि कर्करोगाचे उपचार चालू असताना संबंधित डॉक्टरांची संमती घ्यावी. दोन्ही पावलांवर बोट दाबले की खड्डा पडत असेल, तर त्या सुजेचे कारण हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांत असू शकते. ती सूज चोळून उतरवण्याची गोष्ट नाही.

मधुमेहाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते, आणि ज्याला दुखणेच कळत नाही तो 'थोडे हलके दाबा' असे कधीच म्हणणार नाही. त्यामुळे मधुमेही व्यक्तीच्या पायावर काम करण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. इंग्लंडमधील इप्सविच येथील रुग्णालयात ती तयार झाली आणि तिला कोणतेही साधन लागत नाही. व्यक्तीला डोळे मिटून पाय पसरून बसवावे, आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा एकूण सहा जागांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, एकाच जागी पुन्हा स्पर्श करू नये. स्पर्श जाणवला की त्या व्यक्तीने 'उजवा' किंवा 'डावा' असे सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजावे, पाय दाबण्याचा विचार सोडावा आणि डॉक्टरांकडून पायांची रीतसर तपासणी करून घ्यावी. गरम पाण्यात पाय बुडवण्याचा आग्रहही अशा व्यक्तीला करू नये.

तयारी

जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली, कारण नंतर कामाला उठायचे नसते. ज्याचे पाय दाबायचे त्याला पलंगावर किंवा आरामखुर्चीत पाठीला आधार देऊन निजवावे, गुडघ्यांखाली उशी ठेवावी, आणि तळपाय पलंगाच्या कडेशी येतील असे पाहावे. दाबणाऱ्याने पायांसमोर खुर्चीवर किंवा चौरंगावर अशा उंचीवर बसावे की तळपाय आपल्या छातीसमोर येतील. जमिनीवर बसून, मान व कंबर वाकवून दिलेली सेवा दाबणाऱ्याला दोन दिवसांत महागात पडते.

नखे बोटाच्या टोकाबाहेर येणार नाहीत इतकी कापावीत, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि हात एकमेकांवर चोळून गरम करावेत. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. याच वेळी पाय नीट पाहून घ्यावेत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर त्या जागी हात लावू नये, कारण तो संसर्ग हाताबरोबर दुसरीकडे जातो. भेगा, कुरूप, भोवरी, वाढून आत रुतलेले नख या जागा ध्यानात ठेवाव्यात आणि दाब देताना टाळाव्यात.

तेल सुरुवातीला लावू नये. तेलकट त्वचेवर अंगठा घसरतो आणि एका जागेवर नेमका दाब देता येत नाही. चिमूटभर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर पुरते. तेल अखेरीस.

दाब किती असावा, याचे माप आधीच ठरवून घ्यावे. शून्य म्हणजे काहीच जाणवत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर दाब तीन-चारच्या आसपास राहावा. 'दुखले म्हणजे लागू पडले' ही समजूत या पद्धतीची सर्वांत मोठी शत्रू आहे. वृद्ध माणसांसाठी याहूनही हलका हात ठेवावा.

हाताची मूळ चाल

बहुतेक काम अंगठ्याच्या एकाच हालचालीवर चालते, आणि ती सुरवंटाच्या चालण्यासारखी असते. अंगठ्याच्या पेराची बाहेरची कड त्वचेवर टेकवावी, पहिला सांधा वाकवावा, मग थोडा सरळ करत अंगठा तीन-चार मिलिमीटर पुढे सरकवावा आणि पुन्हा वाकवावा. अंगठा उचलायचा नाही, ओढायचा नाही, मागेही न्यायचा नाही. बाकीची चार बोटे पायाच्या दुसऱ्या बाजूला आधार देतात, आणि दाबाचा जोर अंगठ्यातून न येता त्या चार बोटांच्या पकडीतून येतो. दुसरा हात पाऊल स्थिर धरून ठेवतो. आधी आपल्याच तळहातावर किंवा पोळपाटावर ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यावर ही चाल दोन-तीन दिवस करून पाहावी; कणकेवर एकसारख्या अंतरावर, एकसारख्या खोलीचे ठसे उमटू लागले की हात तयार झाला असे समजावे.

ही चाल चुकली तर आधी आपलाच अंगठा दुखू लागतो. सांधा उलटा वाकत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर थांबावे, आणि टाचेसारख्या जाड जागी अंगठ्याऐवजी मुठीच्या पेरांचा वापर करावा.

प्रत्यक्ष क्रम

कोणत्या पायापासून सुरुवात करावी याविषयी वेगवेगळ्या परंपरा आहेत. मी उजव्यापासून करतो, पण एक पाय पूर्ण करूनच दुसरा घ्यावा एवढे पाळले तरी चालते. नवशिक्याने एका पायाला दहा-बारा मिनिटे द्यावीत. प्रशिक्षित व्यक्तीचे सत्र सामान्यतः पाऊण ते एक तासाचे असते. दुसऱ्या पायावर काम चालू असताना पहिला पाय टॉवेलने झाकून ठेवावा.

पहिली दोन-तीन मिनिटे पाय सैल करण्यात घालवावीत. दोन्ही तळहातांत पाऊल धरून ते डावीकडे-उजवीकडे हलकेच झुलवावे. मग एका हाताने टाच धरून दुसऱ्या हाताने घोटा सावकाश गोल फिरवावा, तीन वेळा एका दिशेने आणि तीन वेळा उलट. आवाज येत असेल पण दुखत नसेल तर चिंता नाही, अडकत असेल तेथे जोर करू नये. नंतर एका हाताची सैल मूठ चवड्याच्या गादीवर तळव्याकडून टेकवून आणि दुसरा तळहात वरून ठेवून, कणीक मळावी तसा तो भाग दाबत-सोडत राहावा.

यानंतर बोटे घ्यावीत. अंगठ्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा: मुळापासून टोकापर्यंत शेजारी-शेजारी चार-पाच उभ्या ओळींत चाल करावी. इतर बोटांना प्रत्येकी दोन-तीन ओळी पुरतात. बोटे ओढून 'कडाड' आवाज काढण्याचा मोह टाळावा. बोटांच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावरून आडवी चाल करून हा टप्पा संपवावा. पायावर हात ठेवला की ज्यांना गुदगुल्या होतात त्यांचे हसू याच टप्प्यावर सुरू होते. अशा वेळी हात हलका न करता थोडा ठाम करावा, म्हणजे गुदगुल्या थांबतात.

चवड्याच्या गादीवर श्वासपटलाच्या रेषेपासून बोटांच्या दिशेने उभ्या ओळी घ्याव्यात, प्रत्येक दोन लांब हाडांच्या मधून एक. मग श्वासपटलाच्या रेषेवरच, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांच्या सरळ खाली, जो खोलगट बिंदू लागतो तेथे थांबावे. या बिंदूला सौर जालाचा (सोलर प्लेक्सस, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातील मज्जातंतूंच्या जाळ्याचा) बिंदू म्हणतात. नाव काही असो, सगळ्या सत्रात लोकांना सर्वांत जास्त आवडतो तो हाच. श्वास आत घेताना अंगठ्याने हळूहळू दाब वाढवावा, श्वास सोडताना कमी करावा, असे पाच-सहा श्वास करावे. समोरच्याचा श्वास आपोआप लांब होत जातो, आणि त्या लयीशी आपला हात जुळला की पुढचे काम सोपे होते.

तळव्याची पोकळी हा नाजूक भाग आहे. तेथे कातडी पातळ असते आणि खालून जाणारा स्नायुबंध ताणलेला असतो. आधी आतल्या कडेकडून बाहेर, मग बाहेरून आत, अशा तिरक्या ओळींनी श्वासपटलाच्या रेषेपासून कंबररेषेपर्यंत आणि तेथून टाचेच्या रेषेपर्यंत यावे. मोठ्या आतड्याचा मार्ग ज्यांना नकाशाप्रमाणे करायचा असेल त्यांनी उजव्या पायावर बाहेरच्या बाजूने वर, मग कंबररेषेवरून आडवे आत, आणि डाव्या पायावर आतून आडवे बाहेर व तेथून खाली, अशी दिशा ठेवावी. सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखे होत असेल, तर हा स्नायुबंध दुखावलेला असू शकतो. तेथे खोल दाब दिल्याने दुखणे वाढते, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला पोटरीचा ताण-व्यायाम अधिक उपयोगी पडतो.

टाचेवर मुठीच्या पेरांनी लहान-लहान वर्तुळे करावीत. त्यानंतर आतली कड: टाचेपासून अंगठ्यापर्यंत हाडाच्या कडेला लागून अंगठा चालवावा आणि त्याच वाटेने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने परत यावे. कण्याचा हा भाग दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना फार आवडतो. घोट्याभोवती फक्त बोटांच्या टोकांनी, गोलाकार, दाब जवळजवळ नसल्यासारखा ठेवावा. शेवटी पायाच्या वरच्या बाजूस, लांब हाडांमधल्या खोबणींतून, बोटांकडून घोट्याकडे बोटे चालवावीत.

दोन्ही पाय झाले की थोडे तिळाचे किंवा खोबरेल तेल घेऊन पावलापासून पोटरीपर्यंत लांब, संथ हात फिरवावेत, आणि अखेरीस दोन्ही टाचा आपल्या तळहातांत घेऊन अर्धा मिनिट नुसते धरून ठेवावे. यानंतर तळपायाचे तेल टॉवेलने पूर्ण पुसून काढल्याशिवाय कोणालाही उठू देऊ नये. आमच्या घरी एकदा माझी मावशी, पाय मस्त हलके झाले म्हणत, फरशीवर घसरता घसरता वाचली. तेव्हापासून टॉवेल आधी आणि कौतुक नंतर, असा नियम आहे.

नंतरचे दोन शब्द

तहान असेल तर पाणी प्यावे. 'शरीरातील विषद्रव्ये सुटी झाली आहेत, ती बाहेर काढण्यासाठी दोन लिटर पाणी प्या' हा सल्ला निराधार आहे, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून सांगितलेले असते त्यांच्यासाठी तो घातकही आहे. थोडी गुंगी किंवा लघवीची भावना होते, ती विश्रांतीमुळे. मात्र दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतील, डाग उमटले असतील किंवा मूळ त्रास वाढला असेल, तर ती बरे होण्याची खूण नव्हे; दाब जास्त झाला किंवा पाय दाबायलाच नको होते, असा त्याचा अर्थ घ्यावा.

रुग्णालयात खाटेवर असलेल्या व्यक्तीच्या पायाला सलाइनची सुई, पट्टी किंवा सूज असेल, तर हात वापरावेत. तळहाताचाही तसाच नकाशा आहे: बोटांची टोके डोके, बोटांखालचे उंचवटे छाती, मधला भाग पोट, मनगटाकडचा भाग ओटीपोट. एका हाताला पाच मिनिटे पुरतात, आणि परिचारिकेला आधी विचारून घ्यावे.

प्रशिक्षित व्यक्तीकडे जायचे असेल तर

भारतात रिफ्लेक्सॉलॉजिस्टांची कायद्याने बंधनकारक नोंदणी नाही. ब्रिटनमध्येही ती ऐच्छिकच आहे. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. चांगली व्यक्ती पायाला हात लावण्यापूर्वी आजार, औषधे, शस्त्रक्रिया, गर्भधारणा यांविषयी विचारते आणि लिहून ठेवते. दुखले तर सांगा, असे म्हणते. आणि तिने कोठे, किती काळ, प्रत्यक्ष सरावासह शिक्षण घेतले, हे विचारल्यास बिचकत नाही. जी व्यक्ती पाय दाबताच आजाराचे नाव घेते, चालू औषध बंद करायला सांगते, किंवा पहिल्याच दिवशी वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागते, तिच्याकडून चपला घालून शांतपणे बाहेर पडावे. तेथे वाद घालत बसू नये, कारण गाळ्यावरच्या त्या गृहस्थांशी मी घातला होता आणि त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही.

घरी करायचे असेल तर आठवड्यातून दोन वेळा, चार आठवडे, असा प्रयोग करून पाहावा आणि एका वहीत तारीख, वेळ, दाबाचा आकडा, त्या रात्री झोप लागायला किती वेळ गेला आणि दुसऱ्या सकाळी पाय कसे होते, एवढ्या पाच गोष्टी टिपाव्यात. ज्या रात्री पाय दाबले नाहीत, त्या रात्रींच्या नोंदीही त्याच वहीत असाव्यात. माझ्या आईच्या वहीत चार आठवड्यांनंतर गुडघेदुखीच्या रकान्यात काहीच फरक नव्हता, झोपेच्या रकान्यात होता. म्हणून गुडघ्यासाठी ती व्यायाम करते आणि मंगळवारी व शुक्रवारी रात्री मी चौरंग घेऊन तिच्या पायांशी बसतो.